हवा खाणारे लोखंड : गाडीच्या ब्रेकची एक गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती. वाशीममधून पहाटे निघालो, गाविलगड पाहिला, मुलांनी देवी पॉइंटवर डबे खाल्ले आणि दुपारी उशिरा आम्ही परतवाड्याच्या बाजूने घाट उतरायला लागलो. चार-पाच वळणे झाली असतील. बसमध्ये एक विचित्र वास येऊ लागला. रबर जळाल्यासारखा, पण रबराचा नव्हे. मागच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, धूर!’

ड्रायव्हर वयस्क माणूस होता. त्याने काही न बोलता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, डोंगराच्या अंगाला घेतली आणि हळूहळू थांबवली. क्लीनरने उतरून चाकाखाली दगडाची उटी लावली. आम्ही अठ्ठेचाळीस मुले खाली उतरवून रस्त्याच्या कडेला बसवली. मी पाण्याचा कॅन घेऊन चाकाकडे धावलो, तर ड्रायव्हर ओरडलाच, ‘मास्टर, पानी मत डालो! हवा से ठंडा होने दो.’

चाळीस मिनिटे आम्ही तिथे बसलो. मुलांनी गाण्याच्या भेंड्या खेळल्या. मी मात्र त्या चाकाकडे पाहत होतो. ब्रेक निकामी झाला असता तर काय झाले असते, हा विचार डोक्यातून जात नव्हता. आणि दुसरा एक प्रश्नही मनात आला होता : ब्रेक गरम झाला म्हणजे तो लागेनासा का होतो? आणि पाणी का नको, हवाच का?

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. यंत्राशी माझा संबंध स्कूटरला किक मारण्यापुरता. पण त्या दिवसापासून हा प्रश्न मी सोडला नाही. गॅरेजमध्ये बसून, पुस्तके चाळून, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना त्रास देऊन जे समजले ते आज लिहितो आहे. ही जशी इतिहासाची गोष्ट आहे, तशीच आपल्या मोहल्ल्यातल्या माणसांचीही आहे. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही जा, गॅरेजमध्ये हात काळे करून बसलेल्यांत आपली मुले मोठ्या संख्येने दिसतात.

थांबणे म्हणजे तापणे

आधी एक साधा हिशेब करू. बाराशे किलोची लहान कार ताशी १२० किलोमीटर वेगाने जात आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला हीच वेगमर्यादा आहे. या गाडीच्या अंगात जी गतीची ऊर्जा असते ती सुमारे ६६७ किलोज्यूल भरते. ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवली तर ही ऊर्जा कुठे जाते? नाहीशी होत नाही. ती जवळजवळ सगळी उष्णता बनते. दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच उष्णता लागते. म्हणजे महामार्गावर एकदा करकचून ब्रेक मारला की चार चाकांनी मिळून दोन लिटर पाण्याला उकळी आणण्याचे काम केले.

वेगाचा हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. ताशी १०० वरून थांबताना हीच ऊर्जा सुमारे ४६३ किलोज्यूल असते. वेग वीस टक्क्यांनी वाढला, उष्णता मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी. वेगाचा वर्ग होतो, हे आपण नववीच्या पुस्तकात शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो.

आता घाट पाहा. चिखलदरा ते परतवाडा हा उतार सुमारे सातशे मीटरचा. तीच बाराशे किलोची कार एवढी खाली आली की सव्वाआठ हजार किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. सव्वीस लिटर पाणी उकळेल एवढी. यातला काही भाग वारा खातो, गिअर योग्य असेल तर मोठा भाग इंजिन खाते. उरलेले सगळे ब्रेकच्या वाट्याला येते. आमची बस तर कारच्या कितीतरी पट जड होती.

घासण्यातून उष्णता निघते हे माणसाला दगडावर दगड घासला तेव्हापासून माहीत आहे. पण ती किती निघते आणि संपते का, याचा नीट विचार तोफांच्या कारखान्यात झाला, ही गोष्ट मला फार आवडली. आणि तोफा म्हटले की आपला दख्खन आलाच.

तोफ, गाभा आणि पोकळी

ज्या गाविलगडावर आमची मुले दुपारभर हुंदडली तो किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या काळातला, १४२५ च्या सुमाराचा. पुढे तो वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेला आणि १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने मराठ्यांकडून जिंकला. तिथे आजही जुन्या तोफा पडलेल्या आहेत. मुले त्यांच्यावर बसून फोटो काढतात. तोफेच्या तोंडात हात घालून ‘सर, हे आतून पोकळ कसं केलं?’ असे एका मुलाने मला त्या दिवशी विचारले होते. मला उत्तर येत नव्हते.

उत्तर असे : जुने ओतारी तोफेचा साचा करत आणि त्याच्या मधोमध मातीचा गाभा उभा करत. वितळलेला धातू साच्यात ओतला की तो गाभ्याच्या भोवती भरतो. धातू थंड झाल्यावर गाभा फोडून काढला की पोकळी उरते. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा महंमद नावाचा रुमी, म्हणजे तुर्की, कारागीर होता. एवढी अवाढव्य तोफ ओतताना गाभा जरा जरी सरकला तरी एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होणार आणि बार उडताना तोफ फुटणार. या माणसाने तो गाभा जागेवर ठेवला. सुलतानांची नावे आपल्याला पाठ असतात, ओताऱ्याचे क्वचित कळते. या तोफेवर ते कोरलेले आहे म्हणून उरले.

पुढे अठराव्या शतकात युरोपात पद्धत बदलली. तोफ भरीव ओतायची आणि मग ती फिरवून आतून कोरायची. म्युनिकच्या शस्त्रागारात असे कोरकाम पाहताना काउंट रम्फर्ड याच्या लक्षात आले की धातू भयंकर तापतो. त्याने तोफेचा तुकडा पाण्यात ठेवून घोड्यांच्या बळावर बोथट हत्याराने घासत ठेवला. अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. १७९८ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. उष्णता हा धातूत साठवलेला एखादा पदार्थ असता तर तो कधीतरी संपला असता. पण घासत राहाल तोवर ती निघतच राहते, हा त्याचा मुद्दा होता. पुढे जूलने ‘अमुक कामाला अमुक उष्णता’ हे प्रमाण मोजून दिले. वर मी जो पाण्याचा हिशेब केला तो याच दोघांच्या पुण्याईवर.

तोफेची ही पोकळी लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

घाटाने शिकवलेले धडे

आपल्याकडे थांबण्याचा प्रश्न मोटारीच्या आधीच घाटांनी उभा केला. मुंबई-पुणे दरम्यान बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. उतारावर बैलगाडीच्या चाकाला लाकूड आवळून धरायचे, थांबली की उटी लावायची, एवढाच तेव्हाचा ब्रेक. वऱ्हाडातल्या कापसाने लादलेल्या गाड्याही उतारावर अशाच सांभाळत नेल्या जात.

मग रेल्वे आली. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. चढ ३७ फुटांना एक फूट, आणि एकूण उंची १८३१ फूट. इंजिनिअरांना गाडी वर चढवण्याइतकीच धास्ती ती खाली उतरवण्याची होती. म्हणून त्यांनी वाटेत बाजूला चढत जाणारे लोहमार्ग ठेवले, की सुटलेली गाडी तिकडे वळवावी आणि चढावर तिचा वेग आपोआप मरावा. आजही घाट उतरण्यापूर्वी गाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी थांबतात. पुण्याहून मुंबईला जाणारे प्रवासी ‘इथे उगाच का थांबली?’ म्हणून कुरकुरतात. ते थांबणे उगाच नसते.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने डोंगराळ भागात घोडागाडीवाले चाकाला जुन्या बुटाचा तळवा बांधून घाट उतरताना पाहिले आणि ब्रेकला चांगले अस्तर हवे, हे त्याने ओळखले. १८९७ मध्ये त्याने तो उद्योग सुरू केला. फेरोडो हे नाव त्याच्या नावातल्या अक्षरांतून आले. पुढे अस्तरात अॅस्बेस्टॉस आले, कारण ते जळत नाही. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर जीव घेते, हे जगाला फार उशिरा पटले. ब्रेकच्या डब्यातली धूळ तोंडाने फुंकणारे कितीतरी जुने मिस्त्री मी पाहिले आहेत. आता बहुतेक पॅड अॅस्बेस्टॉसविना येतात, तरी फुंकायची सवय सोडलेलीच बरी.

डबा की थाळी?

मोटारींच्या ब्रेकच्या दोन कल्पना एकाच वर्षी, १९०२ मध्ये आल्या. फ्रान्सच्या लुई रेनॉने ड्रम ब्रेक बनवला. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा आणि आतून त्याला दाबणारे दोन लायनर. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची थाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड.

लँचेस्टरची कल्पना चांगली, पण तिचा काळ यायचा होता. त्याचे पॅड तांब्याचे होते. ते किंचाळायचे आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर झरझर झिजायचे. डबा बंद असतो, धूळ-चिखल आत कमी जातो. त्यामुळे पुढची पन्नास वर्षे ड्रमचीच राहिली.

ड्रमची अडचण घाटात कळते. उष्णता बंद डब्यात कोंडते. तापल्यावर लोखंड पसरते आणि डबा लायनरपासून दूर जातो. मग पेडल खोल जाते. त्यातच अस्तरातली राळ तापून वायू सोडते आणि घर्षण कमी होते. जोर लावूनही ब्रेक लागत नाही. याला गॅरेजमध्ये ‘ब्रेक फेड’ म्हणतात. आमच्या बसला चिखलदऱ्यात हेच होऊ घातले होते.

डिस्क तापली की जाडीने थोडी फुगते, म्हणजे पॅडच्या दिशेने येते. आणि ती उघडी असते, वारा लागतो. हा फायदा जगाने १९५३ मध्ये पाहिला. फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावली आणि जिंकली. त्या शर्यतीत पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांवर सरासरी वेग गाठला गेला. दुसऱ्यांना वळणाच्या फार आधीपासून वेग कमी करावा लागायचा. जॅग्वारचे चालक उशिरा ब्रेक दाबायचे, आणि तो प्रत्येक फेरीत लागायचा. १९५५ मध्ये सित्रोएनने आपल्या डीएस या घरगुती मोटारीला पुढे डिस्क दिली.

आपल्याकडे काय चालले होते? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत होती. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ स्थापन केली. फाळणीत गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव बदलले. जीप मात्र इथेच राहिली. या जीपला आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तोवर ड्रमवरच थांबत आली. मारुतीच्या जमान्यात आपल्या रस्त्यांवर पुढच्या चाकांना डिस्क सर्रास दिसू लागली.

थाळीच्या पोटात पंखा

आता मुख्य गोष्ट. वेग आणि वजन वाढत गेले तशी साधी भरीव थाळीही कमी पडू लागली. मग कोणीतरी विचार केला की थाळी जाड करू, पण आतून पोकळ ठेवू. दोन पातळ थाळ्या समोरासमोर आणि त्यांच्यामध्ये छोटी छोटी पाती. १९६५ च्या अमेरिकन कॉर्व्हेटला चारही चाकांना अशा डिस्क होत्या आणि पुढच्या वर्षी जर्मनीच्या पोर्शने ९११ एस या गाडीला त्या दिल्या. यालाच आज व्हेंटिलेटेड डिस्क म्हणतात. आमच्या गॅरेजमध्ये ‘जालीवाली प्लेट’.

ही पोकळी दोन कामे करते. एक, भरीव थाळीला उष्णता सोडायला दोन बाजू असतात. पोकळ थाळीला बाहेरच्या दोन आणि आतल्या दोन अशा चार मिळतात, वर पात्यांचे अंग वेगळेच. दुसरे, चाक फिरले की ही थाळी स्वतःच पंखा बनते. पात्यांमधली हवा काठाकडे फेकली जाते आणि तिच्या जागी मधल्या छिद्राजवळून थंड हवा ओढली जाते. शेतातल्या विहिरीवरचा सेंट्रिफ्यूगल पंप ज्या तत्त्वावर पाणी फेकतो, त्याच तत्त्वावर ही हवा फेकते. वेगळी मोटर नाही, वीज नाही. गाडी चालते तोवर पंखा चालतो.

म्हणूनच घाटातून उतरल्यावर एकदम थांबण्यापेक्षा सपाटीवर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालू ठेवावी. पंखा फिरतो आणि थाळी थंड होते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एकदाच जोरात ब्रेक मारला तर त्या तीन-चार सेकंदांत हवा फारसे काही करू शकत नाही. तेव्हा लोखंडाचे वजनच कामी येते. पुढची एक थाळी सहा किलोची धरली आणि ताशी १२० वरून गाडी थांबवली, तर एका झटक्यात तिचे तापमान साधारण ८५ अंशांनी वाढते. दुसऱ्या ब्रेकला आणखी ८५. मध्ये थंड व्हायला वेळ मिळाला नाही तर पाच-सहा वेळांत ती चारशेच्या पुढे जाते. पोकळीची खरी किंमत या दोन ब्रेकांमधल्या वेळात आहे. उष्णता साठवायला वजन हवे आणि काढून टाकायला हवा हवी. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच डिस्कची रचना.

पुढच्या चाकांनाच जाळीवाली प्लेट का? ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तशी गाडीही झुकते. वजन पुढच्या चाकांवर येते आणि साठ-सत्तर टक्के, कधी त्याहून जास्त काम त्यांनाच करावे लागते. त्यामुळे बऱ्याच लहान गाड्यांना मागे अजून ड्रम चालतो.

पात्यांचेही प्रकार आहेत. सरळ पाती असतील तर डावी-उजवी प्लेट एकच. वाकडी पाती हवा जास्त चांगली फेकतात, पण मग डावी वेगळी आणि उजवी वेगळी. इथे मोठमोठे फसतात. डोळ्याला वाटते की पाती पुढे झुकलेली असावीत, म्हणजे वारा ओंजळीत धरतील. प्रत्यक्षात केंद्राकडून काठाकडे जाताना ती फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत. हवा बाहेर फेकायची आहे, गोळा करायची नाही. उलटी बसवली तरी ब्रेक लागतो, म्हणून चूक कळत नाही. ती कळते घाटात.

आणि ती भोके पाडलेली चमकदार प्लेट? शर्यतीच्या गाड्यांत पॅडमधून निघणारा वायू बाहेर जावा म्हणून ती भोके आली. रोजच्या वापरात त्यांचा उपयोग मुख्यतः पावसात पाणी निघून जाण्यापुरता आणि दिसण्यापुरता. फार तापवले तर भेगा भोकांपासूनच सुरू होतात.

बीड, कोल्हापूर आणि पुन्हा तो गाभा

ही थाळी बनते बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. नवनवे धातू आले तरी बीड टिकले, कारण त्यात कार्बनच्या बारीक पापुद्र्या असतात. त्या उष्णता पटकन पसरवतात आणि कंप शोषून घेतात, म्हणून ब्रेक कमी किंचाळतो. शिवाय बीड स्वस्त आणि ओतायला सोपे.

आतली पोकळी कशी करतात? तोफेची गोष्ट आठवा. वाळूचा गाभा बनवतात, त्याला ओतशाळेत ‘कोअर’ म्हणतात. पात्यांच्या जागा मोकळ्या ठेवलेला हा कोअर साच्यात बसवायचा, बीड ओतायचे आणि थंड झाल्यावर वाळू झाडून टाकायची. आणि अडचणही तीच जुनी. कोअर जरा सरकला तर एक थाळी जाड, एक पातळ. मग दोन्ही सारख्या तापत नाहीत, प्लेट वाकते आणि पेडल पायाखाली थरथरते. नव्या प्लेटच्या काठावर कधी एक खाच दिसते. ती समतोल साधण्यासाठी मुद्दाम काढलेली असते. अहमदनगरच्या त्या रुमी ओताऱ्याला आज एखाद्या फाउंड्रीत उभे केले तर त्याला मशिनी परक्या वाटतील, पण कोअर का सांभाळायचा हे सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रात बिडाच्या कामाची परंपरा मोठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर ओतले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उसाच्या चरकासाठी आणि पाण्यासाठी ऑइल इंजिने बनवता बनवता मिस्त्री तयार झाले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागांतल्या फाउंड्र्या देशभरच्या वाहनउद्योगाला ओतीव भाग पुरवतात. पुण्यात १९६६ पासून ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था गाड्या तपासते. इटलीच्या ब्रेम्बोचा ब्रेकचा कारखानाही पुण्याजवळ आहे. ब्रेकच्या तापचाचणीत गाडी वेगाने नेऊन तो निम्म्यावर आणायचा, लगेच पुन्हा वेग घ्यायचा, असे पंधरा-पंधरा वेळा करतात आणि मग तापलेला ब्रेक किती लागतो ते मोजतात. आमच्या बसने चिखलदऱ्यात जी परीक्षा दिली, तीच ही.

उस्ताद आणि बारीक अक्षरे

गेल्या उन्हाळ्यात मी समृद्धीने नागपूरला जाऊन आलो. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचे. वाशीममधल्या आमच्या उस्तादांकडे गाडी नेली. साठीचे गृहस्थ. शाळा चौथीपर्यंत. चाक काढले, प्लेटच्या पोकळीत बोट घातले आणि काळ्या मातीचा वाळलेला गोळा माझ्या हातावर ठेवला. ‘मास्टर, इसकी नाक बंद है.’

पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेल्यावर आपली काळी माती त्या फटींत भरते आणि वाळून विटेसारखी होते. पंखा आहे, पण वाटच बंद. ते ठीक, निघण्यासारखे होते. दुसरी गोष्ट वाईट होती. आधी दुसऱ्या एका ठिकाणी थरथर घालवण्यासाठी प्लेट लेथवर घासून दिली होती. घासता घासता ती इतकी पातळ केली होती की ठेवण्यासारखी राहिली नव्हती. वजन कमी म्हणजे तापणे जास्त. एवढा हिशेब मी आता शिकलो होतो.

‘कितनी पतली चलती है, उस्ताद?’ मी विचारले. त्यांनी अंगठा फिरवून सांगितले, ‘हाथ को मालूम पडता.’ मी प्लेटचा मधला भाग कापडाने पुसला. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली होती. चाळीस वर्षे हे काम करणाऱ्या माणसाला ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती. त्यांच्या हाताचा अंदाज बरोबर होता. पण त्यांच्याकडे शिकणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचे हात अजून तयार व्हायचे आहेत, आणि तोवर त्यांनी सोडलेल्या गाड्या घाट उतरणार आहेत.

मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. ज्ञान आपल्या भाषेत यायला हवे, यावर मी सभांमधून बोलतो. माझ्या मोहल्ल्यात ज्या ओळीवर माणसांचे जीव टांगलेले आहेत, ती ओळ मी कधी वाचली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मी एक मोठा पुठ्ठा घेऊन गेलो. एका बाजूला मराठीत, एका बाजूला उर्दूत लिहिले :

प्लेटवरची किमान जाडी वाचा, व्हर्नियरने मोजा, त्याखाली गेली तर बदला. घासताना दोन्ही बाजू सारख्या घासा. फटीतली माती काढा. वाकड्या पात्यांची प्लेट असेल तर डावी-उजवी पाहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदला, कारण ते हवेतले पाणी पिते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांना उकळते आणि पाणी प्यालेले १४० लाच. उकळले की नळीत बुडबुडे होतात आणि पेडल रिकामे जाते. तापलेल्या प्लेटवर पाणी टाकू नका, ती वाकते किंवा तडकते. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करू नका. इंजिन बंद तर कधीच करू नका.

उस्तादांनी पुठ्ठा भिंतीवर लावला. त्यांचा नातू नववीत आहे, आमच्याच शाळेत. विज्ञानात कच्चा. उस्तादांची इच्छा आहे की त्याने या काळ्या धंद्यात येऊ नये. मुलाला मात्र गॅरेज आवडते. मी त्याला म्हटले, दहावी पूर्ण कर, मग आयटीआयला मोटार मेकॅनिकला जा, मी फॉर्म भरून देतो. उस्ताद काही बोलले नाहीत. नातू मात्र पुठ्ठ्याजवळ उभा राहून वाचत होता आणि ‘व्हर्नियर’ शब्दाशी अडला. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना व्हर्नियर दाखवायला त्याला घेऊन गेलो. त्याने खिशातून आजोबांनी काढून टाकलेल्या प्लेटचा तुकडा काढला आणि मोजायला लागला.